सुमनच्या फुलोऱ्याची तारीफ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला तर नाहीच — त्याच्यापुढं उभी राहिले की मी कायम दुसरंच काहीतरी मागत आले. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता तोंड दाबून धरायचा कंटाळा आला म्हणून. काय समजायचं ते समजा.

लातुरात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, 'त्या खाण्यावर लिहिणाऱ्या बाई' म्हटलं की लगेच ओळखतील. शाळेत मी मराठी शिकवायची, आणि दर रविवारी इथल्याच एका दैनिकाच्या पुरवणीत कुठं काय खावं आणि कुठं पाय ठेवू नये ते लिहायची. पेपर नांदेडलाही जायचा, म्हणून महिन्यातून एकदा एसटीत बसून नांदेडची हॉटेलंही पालथी घालून यायची. जीभ माझी तिखट — खाण्यातही आणि लिहिण्यातही. एकाच्या चुरमुऱ्यांच्या सुशिल्याला मी 'ओला भुस्सा' म्हटलं होतं. नांदेडच्या एका नावाजलेल्या बिर्याणीबद्दल लिहिलं होतं की यातले तांदूळ आणि मसाला एका ताटात राहतात, पण बोलत नाहीत. उदगीरचा एक भजेवाला तर इतका चिडला, की माझा लेख आलेला कागद मुद्दाम वेगळा काढून त्यातच पुड्या बांधायला लागला. मला हसू यायचं. भारी मिजास होती हो मला माझ्या जिभेची.

इतक्या वर्षांत एकच लेख असा आहे, ज्यात एकही वाकडा शब्द नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती तारीफ. लोक अजून त्याची आठवण काढतात. लग्नात, बारशात कुणीतरी गाठतंच — बाई, तो तुमचा फुलोऱ्याचा लेख! डोळ्यांत पाणी आलं होतं आमच्या. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

तो लेख म्हणजे माझ्या हातून झालेलं सगळ्यात नीच काम.

थांबा — आधी सुमन कोण ते सांगते. सुमन माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. नवरा शेतीबरोबर किराणा दुकान चालवायचा, एकुलता मुलगा चौथीत. तिच्या सासरी महालक्ष्म्या थोरल्या जावेकडं उभ्या राहायच्या, म्हणून ही दर भादव्यात माझ्याकडं यायची. माहेरपणाला यायची असं म्हणायचं — पण खरं तर यायची ती राबायला. आपल्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, आंबील, आणि वर तो फुलोरा — करंज्या, पापड्या, वेण्या-फण्या, सगळं तळून दोऱ्यानं मखरावर टांगायचं. एक करंजी फुटून खाली पडली की घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या काळजात चर्र होतं. मला ते कधी जमलं नाही. माझी करंजी तेलात गेली की तोंड उघडायची, माझ्यासारखीच. सुमनची करंजी फुटलेली मी आयुष्यात पाहिली नाही.

भूकंपाच्या वर्षी महालक्ष्म्या झाल्या आणि तिचा नवरा मुलाला घेऊन गावी परत गेला. गावच्या गणपतीचं विसर्जन बघायचं होतं पोराला. सुमनही निघाली होती. पिशवी भरून दारात ठेवली होती तिनं. मीच म्हटलं, चतुर्दशीपर्यंत राहा की गं, आमच्याकडं जेवायला माणसं यायची आहेत.

ती माणसं म्हणजे पेपरचे संपादक आणि त्यांच्या मिसेस. मला पेपरात लिहायचं होतं. कविता पाठवून पाठवून मी थकले होते, म्हटलं पोटातून वाट काढू. अनंत चतुर्दशीला ते जेवायला आले. सुमन दुपारपासून चुलीपुढं. मी नवी साडी नेसून वाढायला. संपादकांनी पुरणपोळी तुपात बुडवली, डोळे मिटले, आणि म्हणाले — बाई, ज्यांच्या हाताला ही चव आहे, त्यांनी खाण्यावर लिहिलंच पाहिजे.

मी काय केलं? हसले. 'हात माझे नाहीत, नणंदेचे आहेत' — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? सुमन आत पोळ्या भाजत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तिलाही आनंदच झाला. वहिनीचं कौतुक ते घराचं कौतुक, अशी ती. माझा रविवारचा रकाना त्या रात्री ठरला.

आणि त्याच रात्रीच्या पहाटे जमीन हलली.

लातुरात आमच्या भिंतीला एक चीर गेली, फळीवरचे डबे पडले, बस्स. तिच्या गावात दगडमातीची घरं होती. हे कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेले, दोन दिवसांनी आले आणि ओट्यावर बसून राहिले. सुमनला त्यांनी तिकडं नेलं नाही. न्यायला काही राहिलंच नव्हतं. नवरा, मुलगा, दुकान, घर — सगळं एका ढिगात. एवढ्या माणसांना एकदम अग्नी द्यायचा, कुणाचा कोण हेसुद्धा नीट कळलं नाही म्हणतात. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही. माझा तो हक्क नाही.

पण पुढचं ऐका. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सुमन सांगायची — वहिनींनी ठेवून घेतलं म्हणून मी वाचले. माणसं माझ्याकडं बघायची. आणि मी — मी तेही घेतलं हो. मान हलवून घेतलं. जणू मला काहीतरी आतून कळलं होतं, म्हणून मी तिला थांबवलं. संपादकांच्या पोळ्यांसाठी थांबवलं होतं, हे मलाच तेवढं माहीत.

सुमन आमच्याकडंच राहिली. कुठं जाणार? सुरुवातीला ती नुसती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. मग एके दिवशी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून ती बाहेर आली नाही असंच म्हणायचं. माझा रकाना सुरू झाला होता, शाळा होती, हॉटेलांच्या फेऱ्या होत्या. मी घरी यायची तो गरम ताट तयार. ज्यांच्या घरचं पापड-लोणचं चाखून लिहायचं, त्यांना परत आमच्याकडं जेवायला बोलवायची रीत पडली होती. माणसं यायची, जेवायची, बोटं चाटायची, आणि 'बाई लिहितात तशाच रांधतात' म्हणत घरी जायची. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या शेतातली भज्जी आणि आंबील खायला तर पेपरचं अख्खं कार्यालय येऊन गेलं. मी ताकाचा गडू धरून मिरवत होते. सुमन झाडाखाली बाजरीचे उंडे वळत होती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, घराघरात असंच चालतं. चालतं ना. मीही तेच म्हणत आले.

आता रीतीचं सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. ज्या घरात माणूस गेलं तिथं वर्षभर सण नाही, तळण नाही, कुळधर्माला त्या घरचं काही चालत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण वर्ष आधी उरकूनही घेता येतं, हेही ठाऊक असेल. घरात कार्य असलं, कुणाची अडचण असली, की गुरुजींना बोलावून वर्षश्राद्ध आधीच करून घेतात. मग कसलीच आडकाठी राहत नाही. सुमनचं वर्ष आम्ही श्रावणात उरकून घेतलं. ह्यांनीच पुढाकार घेतला. तिच्या दोघांच्या नावानं पानं मांडली, गुरुजी जेवले, त्यांच्या पानात वडे मी स्वतः वाढले. हात धुता धुता गुरुजी म्हणाले, आता ह्या मोकळ्या झाल्या, सणवार, तळण, सगळं खुशाल करावं. माझ्यासमोर म्हणाले. हात पुसायला पंचाही मीच पुढं केला होता.

हे कशासाठी? तर सुमनला फुलोऱ्याच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. तिच्या मनानं उभारी धरली होती. औसा रोडला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या तिनं. लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटायला लागलं होतं — बारावीचा निकाल लागला की पेपरभर लातूरचीच पोरं, आणि खेड्यापाड्यांतून आईबाप पोरांना आणून सोडायला लागले होते. पोरं आली म्हणजे खानावळ आली. सुमनचा बेत सरळ होता — आधी महालक्ष्म्यांचा फुलोरा, मग दिवाळीचा फराळ, चार घरं हाताला लागली की त्या दोन खोल्यांत स्वतःची चूल मांडायची आणि क्लासच्या पोरांना जेवू घालायचं. मला म्हणाली, वहिनी, कुणाच्या तरी पोटच्या पोराला माझ्या हातचं जाईल. दुसरं काही नको होतं तिला. स्वतःची चूल, आणि ताटावर कुणाचं तरी पोर.

एक मोठी पितळी कढई आणली तिनं. भांडेवाल्याकडं बसून तिच्यावर नाव घालून घेतलं. आपल्याकडं भांड्यावर नवऱ्याचं नाव घालतात, नाहीतर मुलाचं. तिनं स्वतःचं घातलं — नुसतं 'सुमन'. घरी आणून मला दाखवली, बोटानं ती अक्षरं दोनदा पुसली. हे म्हणाले, तिचं तिला उभं राहू दे. मीही म्हटलं, हो, राहू दे की.

ऑर्डरी धडाधड आल्या. विधवा बाई म्हणून कुणी नाक मुरडलं नाही — सोवळ्यातला स्वयंपाक आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या विधवांनीच केलाय, तेव्हा कुणाची तक्रार नसते. ती भूकंपातली आहे, हे तिनं फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. 'दादाकडं राहते' एवढंच म्हणायची. लोकांनी हळहळत करंज्या घ्याव्यात, हे तिला नको होतं. करंजी चांगली म्हणून घ्या.

नमुन्याच्या चार करंज्या संपादकांच्या घरीही गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या — अहो, तुमच्या नणंदेच्या हाताला अगदी तुमच्या घरची चव आहे! डिट्टो! आणि माझ्याकडं बघत राहिल्या. हसत होत्या, पण बघत राहिल्या. त्या नजरेत काही होतं का नव्हतं, देव जाणे. मी मात्र भाजी न घेताच घरी आले.

कळलं ना तुम्हाला? सुमनची चूल मांडली गेली असती, तर अख्खं गाव तिथं जेवलं असतं आणि महिन्याभरात ओळखलं असतं — ही तर बाईंच्या घरची चव. मग बाईंची चव कुठली? आणि दुसरं, त्याहून साधं, त्याहून लाजिरवाणं — सुमन गेल्यावर माझ्या घरात पोळ्या कोण लाटणार? शाळा सुटल्यावर मी घरी येऊन कुकर लावायचा? मला ती जायला नको होती. एवढंच. आदळआपट करून अडवलं असतं तर नवरा बोलला असता, जग बोललं असतं. म्हणून मी तिची तारीफ केली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की लिहिताना माझ्या मनात वाईट काही नव्हतं, भावनेच्या भरात लिहून गेले. खोटं. साफ खोटं. मी मराठीची शिक्षिका. कुठला शब्द कुठं जाऊन लागतो, हे मला कळत नव्हतं?

महालक्ष्म्यांच्या आधीच्या रविवारी लेख आला. तिच्या करंजीच्या पदराबद्दल लिहिलं, सारणातल्या खसखशीबद्दल लिहिलं, वेणी-फणी किती नाजूक ते लिहिलं. सगळं खरं. आणि मग लिहिलं — ह्या माउलीनं भूकंपात नवरा आणि पोटचं पोर गमावलं. अजून वर्षही सरलेलं नाही, पण हे हात थांबलेले नाहीत. डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत ती तुमच्या-आमच्या महालक्ष्म्यांचा फुलोरा तळते आहे.

हिशेबानं बघाल तर वाक्य खरंच होतं. महालक्ष्म्या पौर्णिमेच्या आधी येतात, भूकंपाची तिथी पौर्णिमेची. वर्ष सरलेलं नव्हतंच. पण पहिल्या खर्ड्यात मी आणखी तीन शब्द लिहिले होते — 'वर्ष उरकून घेतलं'. लिहिले, त्यांच्याकडं बघत बसले, आणि खोडले. मनात म्हटलं, लेख लांबतोय. कुणाला फसवत होते मी तेव्हा? खोलीत तर मी एकटीच होते.

सुमन डोळ्यांतलं पाणी टिपत तळत नव्हती, हेही सांगून टाकते. तळताना ती गुणगुणायची. भूकंपानंतर पहिल्यांदा.

सोमवारपासून बायका यायला लागल्या. काय गोड बोलत होत्या सगळ्या! लेख वाचून रात्रभर झोप नाही म्हणाल्या. सुमनला पोटाशी धरत होत्या, कुणी साडी आणली, कुणी ओंजळभर फळं. आणि निघताना दारात, चपला घालता घालता — 'घरात सासूबाई आहेत ना, त्यांचं फार कडक आहे हो, औंदा फुलोरा आम्ही घरीच करू.' पुढची आली, तेच. त्याच्या पुढची, तेच. एकीनं तर स्पष्टच विचारलं, वर्ष सरलं नाही तर देवीला कसं चालेल? सुमन म्हणाली, वर्ष उरकलंय आमचं, गुरुजींनी सांगितलंय. बाई म्हणाली, पण पेपरात तर बाईंनीच लिहिलंय. सुमननं माझ्याकडं बघितलं.

मी तिथंच होते. दोन पावलांवर. मी म्हणाले, दूध उतू जाईल, आणि आत गेले.

औसा रोडच्या मालकिणीनंही निरोप पाठवला की आत्ताच नको, दिवाळीनंतर बघू. दिवाळीला वर्ष कुठल्याही हिशेबानं सरलं होतं, पण आता त्याचा काय उपयोग? आता ती 'भूकंपातली बाई' झाली होती. लोक तिच्यासाठी हळहळायला तयार होते, पण सणाच्या दिवशी तिच्या हातचं ताटात घ्यायला नाही. त्या खोल्या पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

तो फुलोरा तयार होता, सगळ्या घरांचा. फेकायचा का? आमच्याच महालक्ष्म्यांवर बांधला. माझ्या मखरावर इतका गच्च फुलोरा त्याआधी कधी नव्हता, त्यानंतरही नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वर बघतच राहिल्या. म्हणाल्या, बाईंचं मन किती मोठं, बघा, तिच्या हातचं देवीला घातलं. त्यांच्या देवीला चालत नव्हतं. माझ्या देवीला चाललं. कुणाला ह्यात काही विचारावंसं वाटलं नाही, आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

सुमन म्हणाली, वहिनींनी एवढं चांगलं लिहिलं, माझंच नशीब फुटकं. अगं, नशीब कसलं! मीच फोडलं. पण हे मी मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं, आज म्हणते आहे.

पुढचं तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण अर्धं सांगून काय उपयोग? क्लासचा धंदा असा वाढला की लातुरात घराघरात कॉट पडल्या. आम्हीही वर मजला चढवला. अहमदपूरची पोरं, देवणीची, उदगीरची. दारावर पाटी लावली — राहण्याची व घरगुती जेवणाची सोय. सुमनचा बेत होता ना क्लासच्या पोरांना जेवू घालायचा? घातलं की तिनं. माझ्या घरात, माझ्या पाटीखाली, त्याच पितळी कढईत. नाव घासून घासून पुसट झालं. तिला वेगळं काय द्यायचं, घरचंच माणूस — असं मी म्हणायची. दिवाळीला एक साडी घ्यायची आणि तीही दाखवून घ्यायची.

आणि रविवारी मी दुसऱ्यांच्या खानावळींचे वाभाडे काढायची. कुणाचं वरण पाणचट, कुणाची पोळी चामट. आईबाप वाचायचे आणि पोरांना माझ्याकडं आणून घालायचे. त्यातली किती पोरं आज डॉक्टर झाली. येतात, वाकून नमस्कार करतात. एकजण नांदेडला मोठा दवाखाना चालवतो. मागं आला तेव्हा म्हणाला, बाई, तुमच्या हातच्या वरणाची चव अजून जिभेवर आहे. सुमन दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी त्याला म्हटलं, सुखी राहा.

दरवेळी वाटायचं, आता सांगू. दरवेळी पुढं काहीतरी असायचं. निकाल असायचा, सण असायचा, कुणाचं तरी लग्न असायचं. भित्र्या माणसाला बहाण्यांचा तोटा पडत नाही.

मागच्या वर्षी हे गेले. पौषात. भादवा आला तेव्हा वर्ष सरलं नव्हतं. महालक्ष्म्या उभ्या करायच्या की नाही? मला तर खंड पडू द्यायचा नव्हता. सगळी हयात उभ्या केल्या होत्या. मी गुरुजींना बोलावलं — जुने गुरुजी गेले, आता त्यांचा मुलगा येतो — आणि वर्ष श्रावणातच उरकून घेतलं. एका दुपारचं काम. कॉलनीतल्या बायकांना मी स्वतः फोन करून सांगितलं, वर्ष उरकलंय, नक्की या हं जेवायला. सगळ्या आल्या. कुणी नाक मुरडलं नाही. कुणाच्या सासूबाई कडक निघाल्या नाहीत.

फुलोरा सुमननंच केला. सत्तरीला आलीय, हात थरथरतो, पण करंजी अजून फुटत नाही तिची. ती स्टुलावर उभी राहून मखराला करंज्या बांधत होती आणि मी खालून एकेक देत होते. घरात आम्ही दोघीच. वर बघतच, दोऱ्याला गाठ मारता मारता तिनं विचारलं —

"वर्ष उरकून घेतलं म्हंजे चालतंय न्हवं, वहिनी?"

आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. मी तिच्या तोंडाकडं बघायला गेले, पण तिचं तोंड वर मखराकडं होतं. तिला सगळं माहीत होतं का? पहिल्या दिवसापासून? की सहज विचारलं? मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"चालतं," मी म्हणाले.

एवढाच शब्द. त्या लेखात सहज मावला असता. दारात चपला घालणाऱ्या बायकांपुढं, दूध ओट्यावर तसंच ठेवून, मोठ्यानं म्हणता आला असता.

"हाव," सुमन म्हणाली, आणि तिनं हात खाली केला. मी पुढची करंजी तिच्या हातात दिली.